पूजेचा बैल आणि खेळायचा बैल

ज्येष्ठ अमावास्येच्या आदल्या दोन-तीन दिवसांत बेळगावच्या बाजारात कुंभारणी पाट्या भरून मातीचे बैल घेऊन बसतात. न भाजलेल्या मातीचे हे बैल तळहातावर मावतील एवढेच असतात. वशिंड अंगठ्याने वर दाबून काढलेले असते, शिंगे चिमटीने ओढलेली असतात, डोळ्यांच्या जागी काडीने टोचलेली दोन भोके असतात आणि पोटावर घडवणारीच्या बोटांचे ठसे तसेच राहिलेले असतात. कन्नडमध्ये या दिवसाला मण्णेत्तिन अमावास्ये म्हणतात. मण्णु म्हणजे माती आणि एत्तु म्हणजे बैल. अनेक मराठी घरांतही ही जोडी पाटावर बसते, तिला हळदकुंकू लागते आणि गोडाचा नैवेद्य दाखवला जातो. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या घरात नातवाने विचारलेला प्रश्न मी ऐकला होता. "आज्जी, ह्यो बैल पूजेचा काय खेळायचा?" आजीने निरांजन खाली ठेवत उत्तर दिले, "आज पूजेचा, बाळा. उद्यापास्नं तुझाच."

खेळण्यांच्या इतिहासातील सर्वांत अवघड प्रश्न त्या मुलाने विचारला होता आणि आजीने दिलेले उत्तरही मला आजवर वाचलेल्या उत्तरांपेक्षा अधिक नेमके वाटते. एखादी वस्तू देव आहे की खेळणे, हे तिच्या मातीत लिहिलेले नसते; ती आज कोणाच्या हातात आहे आणि तिच्याशी कोण कसे वागतो, यावर ते ठरते. मूर्ती तीच, पण एका रात्रीत तिचे काम बदलते. आपल्या भागातील खेड्यांत तर दुसऱ्या दिवशी मुले पाय मोडलेला एखादा बैल घेऊन दारोदार जात आणि आठ बैलांत एक लंगडा बैल आला आहे, त्याला जोंधळे घाला, अशा अर्थाचे कन्नड बोल म्हणत धान्य मागत. काल ज्याच्यापुढे मोठ्यांनी हात जोडले, त्याच्याच मोडक्या पायाच्या जिवावर आज मुलांनी सबंध गल्ली कामाला लावली.

पुरातत्त्वाच्या अभ्यासकांपुढे हाच पेच सतत उभा राहतो. इ. स. पू. २६०० ते १९०० या काळातील हडप्पा, मोहेंजोदडो, चन्हुदडो आणि लोथल या नगरांच्या उत्खननांत भाजलेल्या मातीच्या लहान वस्तू मोठ्या संख्येने मिळाल्या. त्यांत बैलगाड्यांचे सांगाडे व सुटी चाके, पक्ष्याच्या आकाराच्या पोकळ शिट्ट्या, खडे भरलेले खुळखुळे, दोरीवरून सरकणारी माकडे आणि गोट्या आहेत. एका प्रकारच्या बैलाचे डोके धडापासून वेगळे घडवलेले असून त्यातून दोरी ओवलेली असे आणि ती ओढली की बैल मान डोलवी. असा बैल हातात घेतल्यावर तो लहान मुलासाठी केला होता, याविषयी शंका घ्यावीशी वाटत नाही. पण त्याच ढिगाऱ्यातील साधा, न हलणारा बैल पूजेसाठी होता की खेळासाठी, हे निव्वळ पाहून सांगता येत नाही आणि कदाचित तेव्हाच्या आज्यांनीही हा प्रश्न आजच्या आजीसारखाच सोडवला असेल.

चाक असले की खेळणे, असा सोपा नियमही चालत नाही. पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली झाडाची मुळे खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जोडलेला आणि सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. ही जनावरेही चाकांवर चालतील अशीच घडवलेली आहेत. मात्र या चौघांचे मिळून वजन ६० किलोपेक्षा जास्त भरते. एवढे धातू मुलाच्या खेळासाठी कोणी खर्च केले नसतील. बहुधा मिरवणुकीत ओढण्यासाठी ती घडवली असावीत. म्हणजे मोठी माणसेही दोरीने गाडी ओढतात, फक्त ती ओढताना त्यांच्या मनात भक्ती असते.

मग खेळणे म्हणजे नेमके काय? रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी १९३३ साली दिलेल्या एका व्याख्यानात याचे जे स्पष्टीकरण केले, ते आपल्या अंगणात रोज दिसते. मूल काठी दोन पायांत घेते आणि घोड्यावर बसून निघते. ती काठी आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, तरी त्या वेळी ती घोडा असते. अगदी लहान वयात वस्तू आणि तिचा अर्थ मुलाच्या मनात एकमेकांना चिकटलेले असतात. डोळ्यांपुढे जे आहे तेच खरे. घोडा हा अर्थ घोडा नावाच्या जनावरापासून सोडवून घ्यायला मुलाला हाताशी काहीतरी टेकण लागते आणि ते काम काठी करते. पुढे हेच मूल पाटीवरच्या तीन-चार वळणांना 'घोडा' म्हणून वाचते, तेव्हा ते काठीवर शिकलेली विद्याच वापरत असते. अक्षर ही देखील दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभी केलेली वस्तू आहे. म्हणून खेळणारे मूल वेळ वाया घालवते आहे, असे म्हणणाऱ्या पालकाला मी नेहमी एवढेच सांगते की त्याची वाचनाची तयारी चालली आहे.

व्हिगॉट्स्की यांनीच सांगितलेले दुसरे उदाहरण मला अधिक आवडते. दोन सख्ख्या बहिणी एके दिवशी 'आपण बहिणी-बहिणी खेळू या' असे ठरवतात. एरवी त्या बहिणी असतातच, पण बहीण म्हणून कसे वागावे याचा विचार त्या करत नाहीत. खेळ सुरू झाला की दोघी सारखे कपडे घालतात, हात धरून चालतात, एकमेकींची बाजू घेतात. म्हणजे मनमानी करण्यासाठी खेळ असतो, ही समजूत चुकीची ठरते, कारण खेळात शिरताच मूल नियम स्वीकारते आणि तो नियम बाहेरून कोणी लादलेला नसल्यामुळे ते तो आनंदाने पाळते.

काठीइतकेच सोपे, पण हातांना पुष्कळ शिकवणारे खेळणे आपल्या जोंधळ्याच्या शिवारात मिळत असे. मळणी झाली की धाटे मोकळी पडत. धाटाची साल नखाने सुटी करून लांब काढायची, आतले पांढरे, हलके भेंड वेगळे करायचे, भेंडाच्या चकत्या कापून चाके करायची आणि सालीच्या बारीक काड्या टोचून सांगाडा जोडायचा. सालीची कड ब्लेडसारखी धारदार असते. पहिली गाडी होईपर्यंत प्रत्येकाच्या बोटाला एकदा तरी कापलेले असे. आस सैल बसला तर चाक निखळते, घट्ट बसला तर ते फिरत नाही, आणि त्या दोहोंमधला नेमका अंदाज बोटांना आपोआप येतो. अशी गाडी दोन दिवसांत मोडे, पण तिचे दुःख कोणी करत नसे, कारण ती पुन्हा करणे हाच खेळाचा मोठा भाग होता.

खेळण्यातून श्रीमंती-गरिबी मुलापर्यंत पोहोचते, हेही फार जुने आहे. शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकाचे नावच मुळी मातीच्या गाडीवरून आले आहे. गरिबी आलेल्या चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी खेळून आलेला असतो. ती गाडी परत गेल्यावर दासी रदनिका त्याला मातीची गाडी करून देते, तर तो रडत राहतो. चारुदत्तावर प्रेम करणारी गणिका वसंतसेना हे पाहते आणि आपले दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते, यातून सोन्याची गाडी करून घे म्हणून. नाटकाचे पुढचे सारे संकट या दागिन्यांभोवती फिरते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या नाटककाराला हे दिसले होते की मुलाला गाडी हवी असते, पण शेजाऱ्याची गाडी पाहिल्यानंतर त्याला गाडीपेक्षा सोने हवेसे वाटू लागते. आजच्या वाढदिवसांना येणारे खेळण्यांचे ढीग पाहताना मला रोहसेनाचे रडणे आठवते.

मातीनंतर लाकूड. आपल्या जिल्ह्यात गोकाक म्हटले की लोकांना धबधबा आणि करदंट ही मिठाई आठवते, पण गोकाकची रंगीत खेळणी त्याहून कमी प्रसिद्ध नव्हती. ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्येही गोकाकला हलक्या लाकडाची आणि जवळच मिळणाऱ्या विशिष्ट मातीची, माणसांच्या व फळांच्या आकाराची खेळणी होतात, अशी नोंद आहे. वांगी, आंबा, सीताफळ असे हुबेहूब रंगवलेले असत की लहान मूल तोंडात घालायलाच धावे. कोप्पळ जिल्ह्यातील किन्हाळ येथील चित्रगार कुटुंबे याच परंपरेतली. ती लाकडाचे तुकडे जोडण्यासाठी आणि वरचा लेप बसवण्यासाठी चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा वापरतात. पश्चिमेला आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडीची चितारआळी लागते. तेथील चितारी मंडळी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडापासून फळे, पाट आणि खेळणी करत आली. दूर दक्षिणेच्या चन्नपट्टणची रीत वेगळी आहे. तेथे काळ्या कुड्याचे लाकूड चरकावर फिरवतात आणि फिरत्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते आणि मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. रंग वरून फासलेला नसतो, लाकडावर वितळून बसलेला असतो, म्हणून तो चोखणाऱ्या बाळाच्या तोंडात सहज सुटत नाही.

या कारागिरांची बाजारपेठ म्हणजे जत्रा. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काला महाराष्ट्रातूनही लाखो माणसे येतात. देवीचे दर्शन मोठ्यांसाठी, पण मुलांच्या दृष्टीने जत्रेचा गाभा म्हणजे पिपाण्या, भिंगऱ्या आणि दोरीने ओढली की लहानशा ढोलावर काड्या वाजवत चालणारी मातीच्या चाकांची गाडी. ही गाडी परतीच्या वाटेवरच अर्धी मोडलेली असे. विकणारा कन्नड बोले, घेणारा मराठी. भाव दोन्ही भाषांत कळत असे.

इथवर मी खेळण्यांविषयी लिहिले. खेळ ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि या लेखात मला मुख्यत्वे हा फरकच सांगायचा आहे. खेळणे मोठ्या माणसाकडून मुलाकडे येते; कुंभार घडवतो, बाप विकत घेतो, मूल हातात धरते. विटी-दांडू किंवा लगोरी मात्र बापाने शिकवलेली नसते. दहा वर्षांचा मुलगा ती आठ वर्षांच्याला शिकवतो आणि आठ वर्षांचा दहाचा झाला की सहा वर्षांच्याला. या साखळीत मोठ्यांचा हात लागत नाही, आणि मुले नियमांच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा कितीतरी सनातनी असतात. 'असंच खेळायचं असतं' यापुढे त्यांच्याकडे वाद नसतो. म्हणून मोठ्यांच्या भाषेतून आणि चालीरीतींतून पुसून गेलेल्या गोष्टी मुलांच्या खेळात शेकडो वर्षे टिकून राहतात.

याचा माझ्या माहितीतला सर्वांत चकित करणारा पुरावा विटी-दांडूत आहे. विटी किती लांब गेली हे मोजताना आणि पुढचा टोला विटी पायावर, मुठीवर, कोपरावर की डोळ्यावर ठेवून मारायचा हे ठरवताना मराठी मुले एक, दोन, तीन म्हणत नाहीत. ती वकट, लेंड, मूंड, नाल असे मोजतात. पुढचे शब्द गावागणिक बदलतात, पण हे चार जवळजवळ सगळीकडे ऐकू येतात. लहानपणी आम्हाला हे शब्द अर्थहीन वाटत. तेलुगूत एकाला ओकटि म्हणतात, दोनाला रेंडु, तिनाला मूडु. तमिळमध्ये चाराला नालु म्हणतात आणि कन्नडमध्ये नाल्कु. म्हणजे नागपूरपासून बेळगावपर्यंतची मराठी पोरे धुळीत उकिडवी बसून द्राविडी आकडे मोजत आली आहेत आणि त्यांना किंवा त्यांच्या आईबापांना याचा पत्ताही नाही.

त्यातही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या अगदी शेजारची कन्नड एकाला ओंदु आणि दोनाला एरडु म्हणते. वकट आणि लेंड हे त्यापेक्षा तेलुगू-तमिळच्या जवळचे आहेत. तेव्हा हे शब्द काल-परवा कानडी मुलांकडून उचलले, असे म्हणता येत नाही. मराठी आणि द्राविडी भाषा बोलणारी माणसे फार जुन्या काळापासून एकाच मातीत राहिली, एकमेकांच्या अंगणात वाढली, आणि त्या सहवासाची खूण पोथ्यांपेक्षा विटीने अधिक जपली. बेळगाव जिल्हा १९५६ च्या १ नोव्हेंबरला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्यानंतर या भागाने भाषेच्या प्रश्नावर पुष्कळ सोसले आहे. ती वेदना खरी आहे आणि मी ती लहान करत नाही. पण ज्या गल्लीत पाट्यांच्या भाषेवरून मोठ्यांचे वाद होत, त्याच गल्लीत आमच्या खेळाला दोन नावे होती आणि कोणाचेही अडत नसे: आम्ही विटी-दांडू म्हणत असू, शेजारचे चिण्णी-दांडू. लगोरी दोन्हीकडे लगोरीच होती. सागरगोट्यांना आम्ही गजगे म्हणत असू आणि कन्नडमध्ये त्याच काटेरी वेलीच्या राखी, गुळगुळीत बीला गज्जुग म्हणतात.

विटी-दांडूचे मराठीतले वय किमान साडेतीनशे वर्षे तरी मागे नेता येते, कारण तुकाराम महाराजांच्या गाथेत विटी-दांडू, फुगडी, लखोटा, हमामा, हुतुतू अशा खेळांवर अभंग आहेत. परमार्थाची गोष्ट सांगण्यासाठी संतांनी हे खेळ निवडले, याचा अर्थ ऐकणाऱ्या प्रत्येकाने ते खेळलेले होते. मुले नवे शब्दही तितक्याच सहजपणे सामावून घेतात. लपाछपीला आपल्याकडे ऐसपैस किंवा आइसपाइस म्हणतात, ते 'आय स्पाय' या इंग्रजी बोलाचे मराठी रूप आहे. एका दुपारच्या खेळात द्राविडी आकडे, देशी डाव आणि साहेबाची लपाछपी अशा तीन काळांच्या भाषा एकत्र नांदत.

नियमांच्या बाबतीत सनातनी असलेल्या या मुलांनीच एक नियम असा केला आहे की त्याच्यापुढे मला मोठ्यांचे पुष्कळ कायदे अपुरे वाटतात. तो म्हणजे कच्चं लिंबू. एखादा चार वर्षांचा भाऊ मागे लागतो, त्याला खेळायचेच असते, पण त्याला घेतले तर डाव बिघडणार. तेव्हा त्याला कच्चं लिंबू करतात. तो पळतो, ओरडतो, पकडला जातो, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बाद होत नाही. त्याला आपण खेळत आहोत याचा पूर्ण आनंद मिळतो, डावही मोडत नाही. मग एके दिवशी तो स्वतःच ठणकावून सांगतो की मी आता कच्चं लिंबू नाही, आणि बाकीचे एकदा डोळे भरून त्याच्याकडे पाहतात व मान्य करतात. त्या क्षणी त्याच्यावर राज्य येते आणि ते ओझे तो ज्या अभिमानाने पेलतो, ते पाहण्यासारखे असते. मूल मोठे झाले, हे ठरवणारा असा समारंभ शाळेत किंवा घरात दुसरा कोणताही नाही.

खेळाकडे गंभीरपणे पाहणारा विचार युरोपातही फार उशिरा आला. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली असे मांडले की संस्कृतीतून खेळ निघत नाही; कायदा, काव्य, युद्ध, विधी या साऱ्यांच्या मुळाशीच खेळाची वृत्ती आहे. वीस वर्षांनी फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी खेळांचे चार स्वभाव सांगितले: चुरस, नशीब, सोंग आणि भोवळ. पहिले तीन कोणालाही सुचले असते. लगोरीत चुरस आहे, कवड्यांच्या पटात नशीब आहे, भातुकलीत सोंग आहे. पण गरगर फिरून डोळ्यांपुढे जग फिरू लागण्याचा जो आनंद आहे, त्याला स्वतंत्र जागा दिली हे मला मोलाचे वाटते, कारण आपल्याकडच्या मुलींच्या खेळांचे मर्म त्यात आहे.

नागपंचमीला आपल्या भागात झाडांना झोके बांधतात. हा सण मराठी घरात जितका माहेरचा, तितकाच कन्नड घरात तवरु मनेचा, म्हणजे माहेरचाच. भाऊ बहिणीला आणायला जातो आणि सासरी पदर सांभाळून वावरणारी मुलगी चिंचेच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर उभी राहून पायांनी जोर देत उंच जाते. फुगडीत दोघी पाय जुळवून, हात ताणून, मागे झुकून इतक्या वेगाने फिरतात की एकीने हात सोडला तर दुसरी पडलीच. त्या भोवळीत काही क्षण घर, सासर, काम सारे धूसर होते. ज्या काळी मुलींची लग्ने आठव्या-दहाव्या वर्षी होत, त्या काळी या सुना वयाने मुलीच होत्या आणि सणाने त्यांना वर्षातून एकदा त्यांचे खेळायचे वय परत दिले होते.

भातुकलीकडे मी याच जाणिवेने पाहते. भातुके म्हणजे मुलांचा खाऊ, त्यावरून भातुकली. पितळेची चूल, जाते, पाटा-वरवंटा, सांडशी, रोळी, पाण्याचा बंब. घरातील प्रत्येक भांडे बोटभर उंचीचे. ही कारागिरी पाहून जीव हरखतो. पण तिच्यातून मुलीला तिचे पुढचे आयुष्य अचूक मापात दाखवले जात होते, हेही खरे आहे. बाहुला-बाहुलीचे लग्न लावणाऱ्या कितीतरी मुलींची स्वतःची लग्ने त्याच वर्षी लागत. मुलीचे लग्नाचे वय किमान १४ असावे, असा शारदा कायदा १९२९ साली झाला. त्याआधीच्या किती भातुकल्या अर्ध्यावर राहिल्या असतील, याचा विचार केला की पितळेची ती झळाळी वेगळी दिसू लागते. आणि भातुकली विकत घेणारी घरेही मोजकी होती. बाकीच्या मुली खापरीच्या तुकड्यांत मातीचा भात शिजवत आणि गुराखी मुले रानात गुरे वळता वळताच खेळत. त्यांच्यासाठी कामाची आणि खेळाची वेळ निराळी नव्हती.

खेळण्यातून शिकवण्याचा मोठ्यांचा उद्योगही जुनाच आहे. सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असलेला मोक्षपट ज्ञानदेवांनी रचला, असे परंपरा सांगते. जैनांची ज्ञानबाजीही याच जातीची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडमध्ये गेला, तेथे त्यातला मोक्ष गळाला आणि आज आपण खेळतो ती साधी सापशिडी उरली. युरोपात जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८४० साली किंडरगार्टन हे नाव रूढ केले आणि लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन असा ठरावीक क्रम आखला. इटलीच्या मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोममध्ये निघाले. पण ही साधने महाग होती. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत काम करताना गारगोट्या, बिया, पाने, शंख-शिंपले हीच शिक्षणाची साधने केली. मुलाला मोजायला मणी हवेत, ते इटलीहून आलेच पाहिजेत असे नाही, हे ओळखणे म्हणजे बालशिक्षणात मराठी माणसाने घातलेली सर्वांत मोठी भर आहे, असे माझे मत आहे. बालवाडी आणि अंगणवाडी हे आज देशभर रुळलेले शब्दही ताराबाईंच्याच कामातून आले.

आजच्या बाजाराविषयी थोडक्यात सांगते. प्लॅस्टिकने खेळणे स्वस्त केले आणि ते खेड्यातील गरीब मुलापर्यंत पोहोचवले, हे त्याचे ऋण मान्य केले पाहिजे. पण कोणत्या रंगात शिसे आहे आणि कोणता तुकडा गळ्यात अडकेल, हे कळायला मार्ग नव्हता. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले. त्याआधी २०२० साली आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेले गेले होते. २०२३ साली ते ७० टक्के झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना चिन्हाच्या सक्तीतून सूट आहे. म्हणून जत्रेत लाकडी खेळणे घेताना चिन्ह दिसले नाही तर घाबरण्याचे कारण नाही, मात्र यंत्रावर केलेले चकचकीत खेळणे चिन्हाशिवाय घेऊ नये. कोप्पळ जिल्ह्यात आता भानापूरजवळ खेळण्यांच्या कारखान्यांसाठी मोठे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आहे आणि किन्हाळचे चित्रगार त्याच जिल्ह्यात आपली चिंचोक्याची खळ शिजवत आहेत. दोघांनाही जागा मिळावी, असे मनापासून वाटते.

खेळणे आणि खेळ जिथे एकत्र येतात, ती आपल्या शहरातील जागा म्हणजे दिवाळीचा किल्ला. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कुठल्याही गल्लीत जा, सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की पोरे लाल माती, विटांचे तुकडे आणि गोणपाट गोळा करायला निघतात. बुरूज, माची, तटबंदी, दरवाजा, टाके, चोरवाट. कोणी राजगड करतो, कोणी प्रतापगड, कोणी जवळचा येळ्ळूरचा राजहंसगड. उतारावर मोहरी पेरतात आणि पाण्याचा शिडकावा देत राहिले की पाडव्यापर्यंत हिरवळ उगवते. महाराज आणि मावळे बाजारातून येतात, पण किल्ला विकत मिळत नाही. गल्लीतली कन्नड घरातील मुलेही चिखलात हात घालतात आणि तटाची उंची किती ठेवायची यावरून होणारी भांडणे दोन्ही भाषांत होतात.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडतात. माती परसात जाते, विटा भिंतीला लावून ठेवतात. मावळे पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून चपलांच्या खोक्यात घालतात आणि खोके माळ्यावर चढते. आमच्या घरच्या खोक्यात वेगवेगळ्या वर्षांचे मावळे आहेत. काही भाजलेल्या मातीचे, काही प्लास्टरचे, रंग उडालेले. एकाचा तलवारीचा हात तुटला आहे. दर वर्षी त्याला तटाच्या मागे असा उभा करतात की फक्त त्याचा फेटा दिसावा.